दुसऱ्या बोजाचं पान

१

“मग त्या दुसऱ्या बोजाचं काय ठरलं?” मी सहज विचारलं.

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कुठला दुसरा बोजा?”

शुक्रवारची दुपार होती, चार वाजून गेले होते. टेबलावर सोमवारचं खरेदीखत छापून तयार पडलं होतं. मी दुसऱ्याच एका घराच्या कामासाठी आले होते. खरेदीखतावर उलट्या बाजूने नजर गेली आणि एक ओळ दिसली : ‘सदर घरावर बँकेचा एकच बोजा आहे.’

“बेकरीवाल्यांच्या घरावर दोन बोजे आहेत,” मी म्हटलं. “पहिला बँकेचा, दुसरा फरशीवाल्यांचा. मी अहवालात अख्खं पान लिहिलंय.”

त्यांनी फाइल काढली आणि माझ्यापुढे सरकवली. माझ्या हाताने लिहिलेला अहवाल होता. पहिलं पान, दुसरं, तिसरं. त्यानंतर एकदम शेवटचं पान, तारीख आणि माझी सही. मधलं चौथं पान नव्हतंच.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घर विकत घेणारा माणूस खिडक्या बघतो, नळ सोडून बघतो. मी त्या घराचं पूर्वायुष्य बघते. नोंदणी कार्यालयातल्या रजिस्टरांत डोकं घालून बसायचं, ते घर कोणाकडून कोणाकडे गेलं, कोणी त्यावर कर्ज काढून बोजा चढवला, कोणाचं फिटलं, कोणाचं राहिलं, सगळं उतरवून आणायचं. मला सगळे शोधबाई म्हणतात. सव्वीस वर्षं हेच केलं आणि माझ्या अहवालावर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं.

“पानांना आकडे नाहीत, शोधबाई,” वकीलसाहेब म्हणाले.

नव्हतेच. दरवेळी घालते. त्या दिवशी पुन्हा एकदा वाचून मग घालू म्हटलं आणि राहून गेलं.

“होतं असं,” ते मऊ आवाजात म्हणाले. “वय झालं की होतं. लिहिलंय असं वाटतं, पण लिहिलेलं नसतं.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या मऊपणाने माझे कान तापले. मी शेवटचं पान उचलून खिडकीशी नेलं. मी जाड वहीवर लिहिते आणि बॉलपेन दाबून लिहिते. नवरा म्हणायचा, तू लिहीत नाहीस, कोरतेस. मी पेन्सिल आडवी धरून कोऱ्या भागावर हलकेच फिरवली. काळ्या रंगात पांढरी अक्षरं वर येऊ लागली. वरच्या पानावर लिहिलेल्याचे ठसे होते ते.

‘बोजा क्र. २’... ‘तारण’... ‘फरशी’...

वकीलसाहेब खुर्चीतून उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले.

पानाच्या तळाशी आणखी एक शब्द उमटला. ‘जामीनदार.’ त्यापुढे नाव होतं, पण तिथे माझा हात दमला असणार. ठसा इतका पुसट होता की एकही अक्षर लागेना.

२

“नाव आठवत नाही?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“दिवसाला साठ-सत्तर नावं उतरवते मी. हात लिहितो, डोकं नाही.”

“नोंदणी कार्यालयातून परत...”

“पाचला बंद होतं. आता सोमवारी उघडेल, आणि नक्कल मिळेल दुपारी.”

सोमवारी अकरा वाजता तर खरेदीखत होतं. ते पुढे ढकलताही येत नव्हतं. बेकरीवाल्यांचे हप्ते वर्षभर थकले होते. बँकेने घर लिलावाला काढलं होतं आणि शेवटची मुदत दिली होती सोमवारच्या संध्याकाळची. तोवर पैसे भरले तर लिलाव रद्द, नाहीतर घर बोलीवर.

घर घेणारी बाई नर्स होती. इस्पितळात सगळे तिला सिस्टर म्हणायचे आणि आम्हीही तेच म्हणत होतो. एकटी, पन्नाशीला आलेली, आयुष्यभर भाड्याच्या एका खोलीत राहिलेली. अडलेल्या माणसाचं घर म्हणून स्वस्तात मिळत होतं. तिच्याजवळचं सगळं आणि पगारावर मिळालं तेवढं कर्ज, अशी तिची जुळवाजुळव झाली होती. फरशीवाल्यांनी बेकरीसाठी दिलेल्या कर्जाचं येणं घराच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढं होतं. सोमवारी तिने न कळता सही केली असती, तर बँकेचं फिटलं असतं, पण दुसरा बोजा तसाच घराला चिकटून तिच्याकडे आला असता. मग एक दिवस फरशीवाल्यांनी दार वाजवलं असतं.

“फाइल कुठे कुठे होती?” मी विचारलं.

“इथेच. मंगळवारी तुम्ही दिलीत. त्या संध्याकाळी सगळे जमले होते. सिस्टर, तिचे भाऊ, बेकरीवाले, दलाल. मी आत फोनवर होतो, फाइल बाहेरच्या टेबलावर होती. गुरुवारी फरशीवालेही आले होते, त्यांच्या दुकानाच्या भाडेकराराचं काम होतं. तेही बाहेर बसले होते.”

“तुम्ही अहवाल वाचलात कधी? तेव्हा पानं किती होती?”

वकीलसाहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला.

“शोधबाई,” ते म्हणाले, “मी वाचलाच नाही. पहिलं पान पाहिलं. बाकीचं दलालाने तोंडी सांगितलं.”

मघाशी माझं वय काढणारा हा माणूस आता माझ्याकडे बघत नव्हता. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पान माझं होतं, आकडे मी घातले नव्हते.

“सिस्टरला सांगायला हवं,” ते म्हणाले.

“रविवारपर्यंत थांबा. नुसतं पान हरवलं असं सांगितलं तर तिने करायचं काय? कोणी नेलं आणि का नेलं, ते मी शोधते.”

बाहेर पडताना त्यांनी मागून हाक मारली. “आणि ते पान मीच काढलं असेल तर?”

३

जिना उतरताना मी त्यावर विचार केला. न वाचलेलं पान कोण चोरतं? आळशी माणसाला चोरी परवडत नाही.

दलाल खाली त्याच्या स्कूटरवर बसूनच फोनवर बोलत होता. त्याला सगळे ‘झालंच’ म्हणायचे, कारण कुठल्याही कामाला तो “झालंच समजा” म्हणायचा.

“झालंच, तुला दुसऱ्या बोजाची माहिती होती?”

त्याने फोन बंद केला. “बाई, खोटं कशाला बोलू. होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“वकील आहेत, तुम्ही आहात. शिकलेली माणसं सांगतीलच, असं वाटलं.” मग तो आरशात बघत म्हणाला, “आणि बोललो असतो तर व्यवहार मोडला असता. लिलावात दलालाला कोण विचारतं? दोन महिने पायपीट केली मी त्या घरासाठी.”

“पान तू काढलंस?”

“मी?” तो खरोखरच दुखावला. “आज चार वाजता तुम्हाला वकिलांकडे कोणी बोलावलं? मीच ना, त्या दुसऱ्या घराच्या कामासाठी! पान चोरलं असतं तर सोमवार उलटेपर्यंत तुम्हाला या जिन्याकडे फिरकू दिलं असतं का मी?”

हे खरं होतं. झालंच गप्प बसला होता, पण चोर नव्हता. गप्प बसण्याला कायद्यात शिक्षा नाही, एवढंच.

बेकरीवाले त्यांच्या बंद बेकरीतच सापडले. भट्टी थंड होती, ट्रे एकावर एक रचून ठेवले होते. घर रिकामं करायचं म्हणून ते भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

“फरशीवाल्यांचं कर्ज लपवलं मी?” ते म्हणाले. “बाई, माझं सगळं गेलं, पण जीभ शाबूत आहे. सिस्टर घर बघायला यायच्या आधीच मी सांगून टाकलं होतं. तुमच्या माणसांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“कोणाला? झालंचला?”

ते एक कप कागदात गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्यावरही गुंडाळतच राहिले.

“मी कोणाचं नाव घेणार नाही,” ते म्हणाले. “त्या माणसाने माझ्यासाठी जे केलं, ते सख्ख्या भावानेही केलं नसतं. त्याचं मी असं वाटोळं केलं. आता वर त्याचं नाव घेऊ?”

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. आणि मी घरी जाताना एकच वाक्य घोळवत होते : त्या माणसाने माझ्यासाठी जे केलं...

४

शनिवारी सकाळी मी फरशीवाल्यांच्या दुकानात गेले. हाच चोर, असं मी जवळजवळ ठरवूनच गेले होते. हिशेब सरळ होता. बँकेचा बोजा पहिला. बँकेने घर लिलावात विकलं की पैसे आधी बँक घेते आणि मागचे बोजे घरावरून उतरतात. काही उरलं तर मागच्यांना, नाहीतर हात हलवत परत. या घरात उरण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणजे लिलाव झाला तर फरशीवाल्यांचा कागद रद्दीत जाणार. सोमवारी विक्री झाली तर कागद जिवंत राहणार. चोरी करायला याहून चांगलं कारण कुठलं?

फरशीवाल्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग शांतपणे हसले.

“बाई, मला काय फरक पडतो? सोमवारी विकलं तर माझा कागद घराबरोबर नव्या मालकिणीकडे. लिलाव झाला तर घरावरून माझं नाव पुसलं जाईल. पण मी एका पायावर उभा राहणारा माणूस नाही.”

“म्हणजे?”

“कर्ज देताना मी घर लिहून घेतलं, तसा माणूसही लिहून घेतला. घर गेलं तरी माणूस कुठे जातोय? सरकारी पगार आहे त्याला.”

जामीनदार!

मी दुकानातून बाहेर आले आणि कट्ट्यावर बसले. आम्ही सगळे उलट्या टोकाकडून बघत होतो. दुसरा बोजा लपवण्यासाठी पान गेलं, असं धरून चाललो होतो. पण फरशीवाले लिलावाला भीत नव्हते. लिलावाला भीत होता तो जामीनदार. घरावरून बोजा उतरला की वसुली थेट त्याच्या गळ्यात पडणार. सोमवारी विक्री झाली, तर मात्र बोजा घरावरच राहणार आणि घर सिस्टरचं असणार, म्हणजे फरशीवाले आधी तिचंच दार वाजवणार. पान गेलं होतं ते तळाच्या नावासाठी. आणि ते नाव लपवून ठेवायचं होतं फक्त सोमवारपर्यंत.

मंगळवारी त्या टेबलाशी कोण होतं? दलाल सुटला होता. बेकरीवाले स्वतः सांगत फिरत होते. सिस्टर स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडेल? उरलं कोण? ज्याला बेकरीवाल्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं तो, ज्याने त्यांच्यासाठी सख्ख्या भावाहून जास्त केलं तो, ज्याला सरकारी पगार आहे तो.

आणि मग मला ते आठवलं.

पंधरा दिवसांपूर्वी नोंदणी कार्यालयाच्या बाकावर एक गृहस्थ माझ्याशेजारी येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. सिस्टरचे मोठे भाऊ. शाळेत गणित शिकवायचे, अख्खं गाव त्यांना सर म्हणायचं, त्यामुळे त्यांचं पूर्ण नाव मला कधी कळलंच नाही. त्यांनी अगदी आदराने विचारलं होतं, “बाई, एक शंका आहे. बोजा घरावर असतो की माणसावर?”

इतका हुशार माणूस मला शंका विचारतोय, याचा मला केवढा आनंद झाला! मी चांगला अर्धा तास समजावलं. बोजा घरावर, कर्ज माणसावर. बँकेने विकलं तर मागचे बोजे घरावरून उतरतात, पण माणसावरून उतरत नाहीत. मालकाने विकलं तर बोजे घराबरोबर नव्या मालकाकडे जातात. त्यांच्या वहीत मी आकृतीसुद्धा काढून दिली.

चोरी त्यांनी केली असेल. पण शिकवणी माझी होती.

५

शनिवारी शाळा दुपारी सुटते. सर वर्गात एकटेच बसून वह्या तपासत होते. मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. विद्यार्थ्यांचा बाक, गुडघे वर येत होते.

“सर,” मी म्हटलं, “पान फाडलंत की ठेवलंय?”

त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. एकदा लावलं, काढलं, परत लावलं. मग टेबलाचा खण उघडून हजेरीपटाखालून माझं पान काढलं. चार घड्या घातलेलं.

“फाडायला हात धजला नाही,” ते म्हणाले.

मी पान उलगडलं. तळाशी जामीनदारापुढे तीन शब्दांचं नाव होतं. वर्गाच्या दाराबाहेरच्या पाटीवर ‘वर्गशिक्षक’ या शब्दाखाली तेच तीन शब्द होते.

“बेकरीवाला माझा बालमित्र,” सर म्हणाले. “नवीन भट्टी घ्यायची होती. एका दुपारी बेकरीत गेलो, त्याने गरम पाव पुढे केला आणि म्हणाला, इथे एक सही कर. मी केली. मुलांना सांगतो, गणित पूर्ण वाचल्याशिवाय सोडवू नका. आणि स्वतः...” ते थांबले. “पुढे हे घर निघालं तेव्हा वाटलं, छोटीला घर मिळेल, मित्राचं कर्ज फिटेल. खरंच एवढंच वाटलं होतं, बाई. विकून जे येईल त्यात फरशीवाल्याचंही भागेल असं धरलं होतं. नंतर कळलं, बँकच सगळं घेऊन जाणार.”

“तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात.”

“हो.”

“आणि मंगळवारी?”

“सगळे चहा घेत होते. मी अहवाल वाचायला घेतला. छोटी कौतुकाने म्हणाली, ‘आमचा दादा म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार.’ त्याच वेळी शेवटच्या ओळीत माझं नाव होतं.” त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. “तिला कळेल की मी जामीन राहिलो, कळेल की हे घर मीच सुचवलं... मला तेवढा क्षण टाळायचा होता. एकदा पान खिशात गेल्यावर मग डोकं पुढे चालायला लागलं. म्हटलं, फरशीवाला येईल तेव्हा मी गुपचूप हप्ते भरीन. तिला कळणारच नाही.”

“आणि नाही भरता आले तर?”

त्यांनी समोरची वही उगाच सरळ केली.

“तिच्या घरावर बोजा ठेवून तुम्ही स्वतःच्या मानेवरचा उतरवलात,” मी म्हटलं. बोलताना आवाज चढला आणि मला माझीच लाज वाटली. मी कोण होते चढ्या आवाजात बोलणारी?

“तिला सांगू नका,” ते म्हणाले. “हात जोडतो. ती सातवीत होती तेव्हा आमचे वडील गेले. तेव्हापासून माझ्या शब्दाखेरीज तिने पाऊल उचललेलं नाही.”

मी उठले. पान त्यांच्यापुढेच ठेवलं.

“मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. उद्या दहा वाजता तिच्या खोलीवर. तुम्ही आला नाहीत तर मी सांगेन.”

रात्रपाळी करून सिस्टर रविवारी सकाळी घरी आली होती. बादलीत गरम पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसली होती. खोलीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची खोकी बांधून तयार होती. एकावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नवीन स्वयंपाकघर’.

दहा वाजले, सव्वादहा झाले. सर आले नाहीत.

“शोधबाई, तुम्ही काहीतरी सांगायला आलात ना?” ती म्हणाली. “चेहऱ्यावरून कळतं मला. रोज माणसांना वाईट बातम्या देतात त्या चेहऱ्यांशेजारी उभी असते मी.”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

६

सर दारातच उभे राहिले. कालचाच शर्ट, चुरगळलेला. “छोटी,” म्हणाले. त्यांनी पान पुढे केलं.

तिने पाय पाण्यातच ठेवून ते वाचलं. वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग परत एकदा.

“हे तू फाइलमधून काढलंस?”

सरांनी मान हलवली.

मला वाटलं, ती रडेल किंवा ओरडेल. तिने माझ्याकडे वळून विचारलं, “उद्या सही केली तर काय होईल? नाही केली तर काय होईल?”

मी सांगितलं. सही केली तर घर तिचं, पण बोजासकट. नाही केली तर लिलाव. घर कोणीही नेईल, बोजा घरावरून उतरेल आणि फरशीवाले सरांना धरतील.

“तिसरं काही नाही?”

“आहे. फरशीवाल्यांनी उद्याच्या आत लिहून द्यायचं की घरावरचा बोजा सोडला आणि जामीनही सोडला. पण ते फुकट कशाला सोडतील?”

तिने पाय पुसले, चपला घातल्या. “दादा, चल. तिथे तू बोलायचंस. मी एक शब्द बोलणार नाही.”

रविवार असूनही फरशीवाल्यांच्या दुकानात गर्दी होती. एक कुटुंब न्हाणीघराच्या फरश्या निवडत होतं. त्यातला बाप सरांना बघून पटकन पुढे आला, वाकून म्हणाला, “सर, ओळखलंत का? दहावीला तुमच्याच वर्गात होतो!” सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या देखतच, सगळ्यांच्या देखत, बोलायला सुरुवात केली. न वाचता सही केली. बहिणीला फसवलं. पान चोरलं. चोरलं हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. तो विद्यार्थी आधी हसत होता, मग त्याने मान खाली घातली आणि मुलांना घेऊन दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

“माझी एक ठेव आहे,” सर शेवटी म्हणाले. “निवृत्तीनंतरसाठी ठेवलेली. तुमच्या येण्याच्या जेमतेम निम्मी होईल. उद्या दहाला मोडून आणून देतो.”

“निम्म्यात मी का सोडू?” फरशीवाले म्हणाले. “उद्या विक्री झाली की बोजा घरावर आहेच.”

“उद्या विक्री होणार नाही,” मी म्हटलं. “सिस्टर सही करणार नाही. लिलाव होईल, घर तुमच्या हातून गेलं. मग उरले सर. दावा लावा. पाच वर्षं, सात वर्षं, तारखांवर तारखा. दरमहा पगारातून तुकडा तुकडा मिळेल, तोही ते निवृत्त होईपर्यंत. मागचा बोजा म्हणजे रांगेतला दुसरा माणूस, शेठ. पुढच्याचं उरकेपर्यंत खिडकी बंद होते.”

त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. “खरंच घर सोडाल? एवढ्या स्वस्तात परत मिळायचं नाही.”

ती बोलणार नाही म्हणाली होती. पण बोलली.

“मी सत्तावीस वर्षं भाड्याने राहिलेय. आणखी राहीन.”

फरशीवाल्यांनी बराच वेळ एक फरशी हातात धरून तिची कड अंगठ्याने चाचपली. मग म्हणाले, “दहाला नाही, साडेनऊला आणा.”

सोमवारी पैसे मोजून घेऊन साडेदहाला त्यांनी दोन्ही कागदांवर सही केली, घर सोडल्याच्या आणि माणूस सोडल्याच्या. अकरा वाजता वकीलसाहेबांनी खरेदीखत मोठ्याने वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. झालंच एकदाही “झालंच” म्हणाला नाही. बेकरीवाले भिंतीकडे बघत उभे होते. सही करण्याआधी सिस्टरने आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

“म्हणजे सगळ्यांना माहीत होतं,” ती म्हणाली. “ज्यांना नव्हतं त्यांच्याकडे लिहिलेलं होतं. फक्त घर जिचं, तिलाच नाही.”

तिने सही केली.

त्यानंतर सर तिच्याकडे जात नव्हते असं नाही. जायचे, दारात उभे राहायचे, काही हवं-नको विचारायचे आणि परतायचे. मी मात्र आत जायचे. तीच बोलवायची. इस्पितळातून येताना बस माझ्या घरावरून जायची, ती खिडकीतून हात करायची, मग मी संध्याकाळी जायचे. चहा व्हायचा. ती माझी सगळ्यांना ओळख करून द्यायची, “या शोधबाई. यांच्यामुळे माझं घर वाचलं.” मी चहाच्या कपात बघायचे.

असे चार महिने गेले. नोंदणी कार्यालयातल्या त्या बाकावरची गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. सरांनाही तिची आठवण करून दिली नव्हती. दरवेळी ठरवायचे, आज सांगू. दरवेळी ती साखर विचारायची आणि मी “अर्धा चमचा” म्हणायचे.

एक दिवस तिने शेजारणीसमोर परत तेच वाक्य म्हटलं. शेजारीण गेली आणि माझ्याच्याने राहवेना.

“सिस्टर, सरांना हे सगळं सुचलं कसं, तुम्ही विचारलंत कधी? मालकाने विकलं की बोजा घराबरोबर नव्या मालकाकडे जातो, हे त्यांना मी शिकवलं. अर्धा तास बसून. आकृती काढून दिली. हुशार माणसाने विचारलं म्हणून फुशारून गेले होते. का विचारतोय, हे विचारलंसुद्धा नाही.”

ती ओट्याशी उभी होती. वळली नाही.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “दादाने त्याच रविवारी सांगितलं, फरशीवाल्यांकडून परत येताना. ती वहीही दाखवली. तुमचं अक्षर आहे, दाबून लिहिलेलं.”

“मग इतके दिवस मला चहाला...”

“वाट बघत होते,” ती म्हणाली. “दादाने सांगायला पाच दिवस लावले. तुम्हाला किती लागतात, ते बघत होते.”

तिने माझ्यासमोर कप ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली. मला उठून जावंसं वाटत होतं, पण ती बसली होती, म्हणून मीही बसून राहिले. चहा गार झाला तरी आम्ही दोघींपैकी कोणी कप उचलला नाही. मग ती म्हणाली, “आज साखर घालायची राहिलीय,” आणि डबा माझ्याकडे सरकवला.